पंधरा कार्डं

सातारा,
ता. १३-२-७४

ती. आक्कास,
मनूचा शि. सा. नमस्कार. वि. वि. इकडे सारे बरे. तुझ्या डोळ्याची काळजी लागून राहिली आहे.

रविवारी दाजींनी सांगलीहून मशीन आणून इथल्या शाळेत तो इटलीचा जुना मुका सिनेमा दाखवला. त्यातला नवरा घरी येतो, खुंटीवर अनोळखी हॅट बघतो आणि बायकोला पकडायचं म्हणून कपाटात लपून बसतो. कपाटाची कडी बाहेरून पडते आणि हा आत अडकतो! सगळी शाळा हसली, मीही हसले. किती दिवसांनी हसले गं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तसंच उठवून घरी आणलं. तेव्हापासून एकच विचारतात, की कुणाकडं बघून एवढी हसत हुतीस.

लग्नाला बावीस वर्षं झाली. पलटणीतून घरी आल्यापासून तर पहाराच आहे. दूध आणायला गेले तरी हे घड्याळ बघतात. आता भांडायचंही त्राण नाही. तुझ्या ऑपरेशनला पंधरा दिवस यायचं मनात आहे, पण विचारायचा धीर होत नाही. तूच लिही. तुझं पत्र नेहमीसारखं आधी हेच फोडतील, ते ध्यानात ठेव. माझं हे पत्र शेजारच्या बायडाबाईंच्या हाती टाकते.

आहेस तशीच माझ्या पाठीशी राहा.
तुझी मनू

सांगली,
ता. १८-२-७४

चि. सौ. मनूस,
अनेक आशीर्वाद. आणि जालिंदरराव, पाकीट तुम्हीच फोडलं असणार, तेव्हा तुम्हालाही.

तुम्ही सिनेमा अर्धा टाकून गेलात असं आमच्या ह्यांच्याकडून कळलं, म्हणून शेवट सांगते. ती हॅट बायकोने नवऱ्याच्याच वाढदिवसाला आणलेली असते. तो कपाटातून निघून तिचे पाय धरतो, ती हॅट त्याच्या डोक्यावर ठेवते, संपलं.

आता माझं. पुढच्या शुक्रवारी, एक तारखेला, मोतीबिंदू काढणार. डोळ्याला पट्टी, वाकायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही. मला ना लेक ना सून, आणि आमच्या ह्यांना चहासुद्धा जमत नाही. जालिंदरराव, मनूला पंधरा दिवस पाठवा. थोरल्या बहिणीच्या नात्याने मागते आहे.

दोघांनी माझ्यावर माया ठेवावी.
राहीबाई

सातारा,
ता. २३-२-७४

ती. आक्कास,
शि. सा. नमस्कार. ह्यांनी तुझं पत्र दोनदा वाचलं. हॅट खरंच त्याचीच हुती का, म्हणून मला विचारलं. आक्का लिहितीय तर आसंल, म्हटलं. मग दोन दिवस ते पत्र खिशात घालून फिरले. काल म्हणाले, जा.

मी हरखले. त्या पडद्यावरच्याचा संशय दहा मिनिटांत मिटला, आमचाही मिटला वाटलं. तोवर ह्यांनी पोस्टातून पंधरा कार्डं आणून पुढ्यात ठेवली. प्रत्येकावर आमचा पत्ता आणि एकेक तारीख, स्वतःच्या हाताने घातलेली. रोज एक टाकायचं. कुठं गेले, कोण आलं, सगळं कळवायचं.

राग यायला हवा होता, पण नुसता शीण आला. दुपारी हे कुणाकडे गेले तेवढ्यात बसून पंधराच्या पंधरा लिहून टाकली. सगळ्यांवर तेच: आज घरातच होते. कुणी आलं नाही. आक्काचा डोळा सुधारतो आहे. तुमची आठवण येते. सात-आठ झाल्यावर हात आपोआपच चालायला लागला.

बुधवारच्या एस.टी.ने येते. कार्डं दाजींच्या हवाली करीन. तारीख बघून रोज एक पेटीत टाका म्हणावं. तेवढे पंधरा दिवस मला ह्यांची आठवण काढायची नाही.

आणि दाजींना विचारून ठेव, ती रिळं अजून सांगलीत आहेत का. तुझी पट्टी निघाली की दोघी बसून बघू. माझं हसायचं अर्धं राहिलं आहे.

तुझीच,
मनू