शेगडीत गेलेला अर्धा फोटो

सांतारेम, ५ मे १९७४

चि. एलादियो यास,

तुझा खोकला गेला का? सूनबाई ओदिलची कंबर आता कशी आहे? छोट्या नादिनला दात आले का? तुमची खबर शेजारच्या फिलोमेनाच्या तिकडे असलेल्या भावाकडून मिळते तेवढीच. इकडे आईचे गुडघे धरलेत. माझी नजर अधू झालीय, पण बुटाला टाका अजून सरळ पडतो.

गेल्या महिन्यात छावणीतला एक तरुण कॅप्टन दुकानात आला. दोनदा आफ्रिकेच्या लढाईत जाऊन आलेला. बुटांना नव्या टाचा बुधवारपर्यंत हव्यातच म्हणाला. एवढं कुठे चालायचंय, मी विचारलं. "चालायचं नाही बाबा, पाय रोवून उभं राहायचंय." गुरुवारी सकाळी रेडिओ सांगू लागला, सैन्यातले कॅप्टन सरकारविरुद्ध उठलेत, लोकांनी घरातच थांबावं. कोण थांबतंय! तुझी आई गुडघे विसरून चौकात. संध्याकाळी लिस्बनमध्ये सरकार पडलं. लढाई नको म्हणून पळालेल्या पोरांना आता परत येता येईल, असं म्हणतात.

इतका वेळ इकडचं तिकडचं लिहितोय, तुझ्या लक्षात आलंच असेल.

चार वर्षांपूर्वी तूही ती लढाई टाळायला चोरवाटेने फ्रान्सला निघालास, तेव्हा सगळे करतात तसा तुझा फोटो फाडला. अर्धा आईकडे, अर्धा तुझ्याकडे. सुखरूप पोचलास की तुझा अर्धा पाठवायचा. तू पाठवलास, पोरा. पोस्टमनने पाकीट दुकानात माझ्या हातात ठेवलं, तेव्हा पोलीस चौकीचा हवालदार समोरच स्टुलावर बूट काढून बसला होता. "फ्रान्सचं तिकीट दिसतंय. पोराचं का?"

"मला पोरगा नाही," मी म्हणालो, आणि पाकीट न फोडताच शेगडीत टाकलं. कागद जळाला तसा तुझा कान दिसला.

आईला सांगायची हिंमत झाली नाही. चाळीस दिवस ती तू डोंगरात मेलास असं समजून होती. फिलोमेनाच्या भावाकडून तू जिवंत आहेस हे कळल्यावर, पोराने अर्धा फोटोही धाडला नाही म्हणून तुझ्यावर रुसली. मी तो रुसवा चार वर्षं बघत बसलो. आमच्याकडून उत्तर नाही म्हणून तूही गप्प झालास.

परवा तिला सगळं सांगितलं. दोन दिवस तिने माझ्यापुढे नुसतं सूप ठेवलं. मग म्हणाली, "तूच लिही त्याला. माझ्या नावावर खपवू नकोस."

घरी ये असं सांगायचा हक्क मी गमावलाय. यायचं की नाही, तूच ठरव. पण आईला लवकर लिही. पाकिटावर तिचंच नाव घाल. पोस्टमनला सांगून ठेवलंय, दुकानात द्यायचं नाही, थेट तिच्या हातात द्यायचं.

तुझा बाप,
बेलार्मिनो