मेतकूट पाठवत नाही

वैशाली नगर, जयपूर
१४ मे २०२५

प्रिय गिरिजा,
अनेक आशीर्वाद.

सकाळी मेतकुटाच्या डाळी भाजल्या. दुपारी पडदे ओढून पडले. इथलं ऊन असं, की पडद्यातूनही खोली मधाच्या रंगाची होते. पंखा फिरत राहतो आणि वाटतं, हे आतल्या खोलीतच आहेत, आता चपला सरकवतील. मग मोर ओरडतो, जाग येते.

डाळी तुझ्या मंगेशरावांसाठी भाजल्या. काल फोनवर म्हणाले, "ताई, इंजेक्शनांचा काही त्रास नाही, केससुद्धा जागच्या जागी! फक्त पोट जरा बिघडलंय. तुमचं मेतकूट पाठवा." मी हसून हो म्हटलं. सांगायचं ते राहून गेलं. म्हणून लिहिते आहे. या पत्राचा फोटो काढून लगेच पाठवते.

यांनाही कॅन्सरवर तीच इम्युनोथेरपीची इंजेक्शनं होती. गाठ लहान होत होती. मग जुलाब सुरू झाले. हे म्हणाले, "परवा दालबाटी खाल्ली ना, तूप बाधलं." मी मऊ भात, मेतकूट, ताक देत राहिले. कितीदा जावं लागतं ते मला सांगितलं नाही, डॉक्टरीणबाईंना तर नाहीच. "मुलीच्या वयाची आहे ती. तिला काय हे सांगायचं?" मीही फोन केला नाही. आपल्याकडे असलं कुणी बोलत नाही.

आतड्याला भोक पडलं तेव्हा दवाखान्यात नेलं. त्या औषधानं जागी झालेली शरीराची प्रतिकारशक्ती कधी कधी आपल्याच आतड्यांवर उलटते. लवकर कळलं तर बहुतेक वेळा आवरता येतं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "आंटीजी, उसी दिन बता देते," एवढंच म्हणाल्या.

तुम्हा सगळ्यांना मी सांगितलं, हे कॅन्सरनं गेले. कॅन्सरनं नाही गेले, गिरिजा.

मंगेशराव लाजतील. तू लाजू नकोस. हे वाचलंस की तशीच उठ आणि डॉक्टरांना फोन कर. कितीदा होतं, रक्त पडतं का, पोटात दुखतं का, सगळं सांग. घरच्या घरी कसली गोळी देऊ नकोस.

डाळी दळल्या नाहीत. परातीतच आहेत. मंगेशराव बरे झाले की दळीन.

ऊन उतरलं. गच्चीवर पक्ष्यांच्या पाण्याचा परिंडा टांगलेला आहे, तो हे भरायचे. तुझा फोन आला आणि उचलला नाही, तर वाजू दे. मी तांब्या घेऊन वर गेले असेन.

तुझी,
रत्नाताई