रिकाम्या खोलीतलं बटण

नाना, आखाजीच्या सणाला लेकीला माहेरी न्यायला बापाने जायचं, म्हणून त्या वर्षी तुम्ही सोनगीरहून एसटीने पुण्याला आलात, थेट माझ्या प्रयोगशाळेत. हातात आईने दिलेला सांजोऱ्यांचा डबा. मी काय करते ते मी तुम्हाला खोलीत उभ्या उभ्या सांगितलं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात मेद जळतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिथेच थोडा मेद बांधणारं एक विकरही असतं, त्याची रचना अजून कोणी पाहिलेली नाही. ती पाहायला त्याचे स्फटिक लागतात. आठ महिने एसीने थंड ठेवलेल्या याच खोलीत त्याच्या द्रावणाचे थेंब सांभाळले, तेव्हा कुठे त्यांत बारीक खडे चमकलेत. तुम्ही मान डोलावत होतात. मग आपण चहाला गेलो आणि गावच्या गप्पांत दोन तास गेले.

घरी रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की तुम्ही आम्हा भावंडांना किती बोलायचात. तीच सवय. चहाला निघताना तुम्ही मागे राहिलात आणि एसीचं बटण बंद केलंत. परत आले तर वैशाखाच्या उकाड्यात खडे विरघळलेले. मी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांदेखत तुम्हाला अडाणी म्हणाले. तुम्ही डबा छातीशी धरून एवढंच विचारलंत, "मनामुये तुन्हं बठ्ठं काम गयं का, बेटा?" मी म्हणाले, हो, तुमच्यामुळेच सगळं गेलं. तुम्ही खाली गेलात.

आखाजीला मी आले नाही. पुढच्या आखाजीला तुम्हीच नव्हतात. आई सांगते, शेवटपर्यंत येईल त्याला तुम्ही सांगायचात की मी पोरीचं काम बुडवलं.

पुढे परदेशात कुणीतरी ती रचना काढली. धुळ्याच्या कॉलेजात शिकवताना मी ते चित्र पाहिलं. दोन सारखे भाग एकमेकांना धरून बसलेले. मला आनंद झाला नाही, हेवाही वाटला नाही. आत काही उरलेलंच नाही.

हा कागद कुठे पाठवू? आई आता माझ्याकडे असते, सोनगीरच्या घराला कुलूप आहे. पण एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी तुम्ही खाली गेल्यावर एका थेंबात एक खडा उरलेला दिसला. मी सुई टोचली. विकराचा असता तर मऊ भुगा झाला असता. तो कटकन वाजला. द्रावणातलं मीठ होतं, नाना, आणि विरघळलेले खडेही हुबेहूब तसेच होते. आठही महिने मी मीठच सांभाळलं होतं. खिडकीतून पाहिलं तर तुम्ही अजून खाली पायरीवर बसला होतात, डबा मांडीवर घेऊन. मी खाली आले नाही.