नऊ वेळा बुडवलेलं अस्तर

यामागाता, ११ फेब्रुवारी १९७६

चि. फुमिएस,
तोमोएताईचे अ. आ.
तुझ्या लेकीच्या, चिहारूच्या लग्नाच्या किमोनोचं अस्तर आज टपालात टाकलं. आईनं रंगवलेली चिंधी तुझ्याकडे आहे, तिच्याशी जुळवून बघ. यंदा रंग फार रुसला बाई. आई चार वेळा बुडवून जो कुसुंबी आणायची, त्यासाठी मला नऊ वेळा रेशीम बुडवावं लागलं. करडईची फुलंच मेली पाणचट निघाली असणार.

करडईचे काटे दवानं मऊ असतात म्हणून आई आपल्याला पहाटे फुलं खुडायला ओढत न्यायची, आठवतं? तू वाफ्यात उभ्याउभ्या पेंगायचीस आणि तुझी टोपली मी भरायची. ते दिवस फार आठवतात गं.

माझं वजन उतरलंय, छाती धडधडते. शेजारीण विचारते, हल्ली माझ्यावर डोळे का वटारता? मी कशाला वटारू तिच्यावर!
ताईवरची माया आटू देऊ नकोस.
तोमोए

ओसाका, २० फेब्रुवारी

ती. ताईस,
फुमिएचा शि. सा. न.
अस्तर पोचलं. काय रंग आणलास! चिहारूची सासू बघतच राहिली. जरासा भारदस्त आहे, पण नवरीला तोच शोभतो. आईचा हात तुझ्यात उतरलाय.
तब्येतीला जप. धाकटीवर कृपा आहेच, ती वाढू दे.
फुमिए

यामागाता, ३ मे

चि. फुमिएस,
अ. आ.
तुझं पत्र वाचून दोन दिवस हवेत होते. मग त्याच मापानं गावातल्या दोघींची अस्तरं रंगवली. त्यांनीही वाकून वाकून आभार मानले.

हल्ली कागद लावलेल्या सरकत्या दाराच्या लाकडी काड्या मला वाकड्या दिसतात. सुताराला बोलावलं, तर त्यानं ओळंबा लावून सगळ्या सरळ दाखवल्या. वर म्हणाला, बाई, अशा रागानं बघू नका, माझी चूक नाही. अंगणातल्या लाल कॅमेलियाची फुलंही फिकी दिसतात, उजव्या डोळ्यानं तर धुतल्यासारखी. वय झालं, दुसरं काय?
लोभ आहे तसा राहो.
तोमोए

ओसाका, ९ मे

ती. ताईस,
सा. न.
हे पत्र वाचून माझ्यावर रागाव, पण आधी दवाखान्यात जा. ते अस्तर आईच्या रंगाचं नव्हतं. साकळलेल्या रक्तासारखं काळपट होतं. ताईचं मन कसं मोडायचं, म्हणून मी भारदस्त म्हटलं. त्या दोघींनीही तेच केलं असणार. आपल्याकडे तोंडावर वाईट म्हणायची रीतच नाही ना.

चिहारूच्या चष्म्यासाठी गेले तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना तुझं पत्र दाखवलं. ते एकदम गंभीर झाले. लाल फिका दिसणं, रेषा वाकड्या होणं, धडधड, वटारलेले डोळे, हे सगळं मानेतल्या थायरॉईडपायी असू शकतं म्हणाले. एक दिवसही थांबू नका म्हणाले. तुला फिका दिसत होता म्हणून तू बुडवत राहिलीस, आणि मी तुझं कौतुक करत बसले. मला माझीच लाज वाटते.
माफ करता आलं तर कर.
फुमिए

यामागाता, १२ जुलै

चि. फुमिएस,
अ. आ.
कालच मला दवाखान्यातून घरी आणलं. थायरॉईडच निघालं. त्यापायी डोळ्यामागचं मांस सुजलं आणि त्यानं डोळा पुढे ढकलला. मागून दाबल्यामुळे आतल्या पडद्याला पिळलेल्या ओल्या रेशमासारख्या चुण्या पडल्या होत्या, म्हणून काड्या वाकड्या. पडद्यापासून मेंदूकडे जाणारी नस आवळली होती, म्हणून लाल फिका. ऑपरेशन करून आत जागा केली. मग डॉक्टरांनी एकेक डोळा झाकून औषधाच्या बाटलीचं लाल झाकण दाखवलं. डाव्याला पुन्हा लाल दिसलं. उजव्याला विटकरी. उजव्याचा लाल आता परत यायचा नाही.

हिवाळ्यातच आला असतात तर दोन्ही वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले. तुझा राग आला, खोटं कशाला बोलू? चार दिवस तुझं नाव घेतलं नाही. मग वाटलं, तुझा रंग बिघडला असता तर मीही छानच म्हटलं असतं.

तेव्हा येत्या थंडीत तू माहेरी ये. बुडवीन मी, बघायचं तू. काळपट झाला तर काळपट म्हण, सगळ्यांसमोर म्हण.
लोभ असावाच. कौतुक नसलं तरी चालेल.
तोमोए