मधल्या रेघेपलीकडे

२ फेब्रुवारी
आले एकदाची पुण्यात! वाशीमहून निघताना आई रडली. मी मात्र बसमध्ये गाणी ऐकत आले. कर्वेनगरचा फ्लॅट भरपूर उजेडाचा आहे. सोबतीला ऑफिसमधलीच भाग्यश्री. समोरच्या दारात द्वारकाकाकू राहतात. त्यांनी चहा दिला आणि पुण्यात चपला जिन्यात पसरायच्या नसतात, हेही सांगितलं. हिंजवडीला जाणारी कंपनीची बस कोपऱ्यावरच थांबते. पहिल्या दिवसासाठी निळा कुर्ता इस्त्री करून ठेवलाय.

९ फेब्रुवारी
डाव्या बरगडीखाली दुखतंय. आज बसमध्ये अशी कळ आली की मला वाटलं, हार्ट अटॅकच. तशीच उतरून दवाखाना गाठला. ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, छातीत दुखायला पित्त पुरतं, आखडलेला स्नायू पुरतो, बरगडीच्या सांध्याची सूज, कधी नुसती भीतीही. हृदयही असू शकतं, म्हणून आलात ते बरं केलंत. बाकीची कारणं गूगलनं सांगितली असतीलच, असंही वर ऐकवलं.

११ फेब्रुवारी
कापड टेकलं तरी आग होते. पाठीच्या कण्यापासून डाव्या बाजूनं पुढे बारीक फोडांची ओळ उठलीय. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, नागीण. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसेत दडून बसतो आणि पुन्हा डोकं काढतो. गोळ्या दिल्या. छातीच्या मधोमध पेननं उभी रेघ ओढून म्हणाले, ही नस इथं संपते, नागीण सहसा पलीकडे जात नाही. जिवात जीव आला.

काकूंना सांगितलं तर त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस उरत नाही. गेरू लावून देते म्हणाल्या. मी हसून नको म्हटलं. आईला काही कळवलं नाही.

१४ फेब्रुवारी
तिनं रेघ ओलांडली.
भाग्यश्रीनं फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. फोटोत डावं-उजवं उलटं आलंय, त्यांचं उत्तर. मग मी स्वतःच दवाखान्यात गेले. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. कधीपासून, एवढंच विचारलं आणि हातमोजे चढवले. उद्या मोठ्या हॉस्पिटलात दाखल व्हायचंय.

१५ फेब्रुवारी, सकाळ
उजवी बाजू पूर्ण वेढली. भाग्यश्री पाठीला मलम लावत होती. मध्येच तिचा हात थांबला. किती अंतर उरलंय, मी विचारलं.
"पूर्णिमा, ती सरकतेय. आत्ता. माझ्या बोटाखाली."
गेरू आणायला ती तशीच काकूंकडे धावली.

रिक्षा यायचीय. नुसतं बसवत नाही, म्हणून लिहितेय— आग— पाठीत काहीतरी घट्ट आवळलं—

थांबलं. एकदम. काहीच दुखत नाही. इतकं हलकं वाटतंय! समोर काकू गेरू उगाळताहेत, आवाज येतोय. त्यांना नको म्हणून सांगते. आईला फोन

छातीवर हात ठेवला. ठोका लागत नाही.
मनगटावरही नाही. मी बसलेय, लिहितेय, आणि ठोका—
आत काहीतरी वेटोळं सोडतंय. वर येतंय. गळ्या