पहिल्या हाकेची ओ

अव्वा, पुराच्या त्या संध्याकाळी गिरणीवाल्या मावशीला हाक मारणारी तूच होतीस का? इतकी वर्षं हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. आप्पांना विचारला असता तर त्यांनी मला डॉक्टरकडे नेलं असतं, आणि आता तेही नाहीत. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या या घरातून दुपारी सगळे आपापल्या कामाला गेले की हा विषय डोक्यात येतो आणि मग गॅसवरची भाजी करपते. आज भाजी आधीच उरकली आहे. तू गेल्यानंतरचं तुला काहीच ठाऊक नाही असं धरून मी पहिल्यापासून सांगते, कारण अर्धवट सांगितलेलं तुला कधी चालत नसे. "मधनंच काय सांगतीस, मुंडकं कुठाय त्याचं?" म्हणायचीस.

किल्लारीकडे भूकंप झाला त्यानंतरची गोष्ट. लोक इतके धास्तावले होते की उसाची ट्रॉली गेली आणि मांडणीवरचं भांडं वाजलं तरी बायका पोरं काखेत मारून अंगणात यायच्या. मग हातकणंगल्याहून एक साहेब दोन माणसं आणि एक ट्रंक घेऊन गावात आले. शाळेच्या पटांगणात त्यांनी संकट आलं तर काय करायचं ते शिकवलं. दोन बांबू आणि पोती घेऊन स्ट्रेचर कसं करायचं, मोडलेल्या हाताला झोळी कशी बांधायची, बुडालेल्याच्या छातीवर दाब कसा द्यायचा. तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचा म्हटल्यावर बायकांनी पदर तोंडात कोंबले. तू मात्र पुढच्या ओळीत मांडी ठोकून बसली होतीस. मध्येच म्हणालीस, "सायेब, भूकंपाचं बास झालं. हितं भुई हलत न्हाय, हितं नदी येती. पाण्याचं सांगा की." साहेब चिडले नाहीत, हे त्यांचं नशीब. ते म्हणाले, गल्लीला एक माणूस हवा. पाणी चढायला लागलं की त्यानं घरोघरी इशारा द्यायचा, कोण निघालं आणि कोण राहिलं ते बघायचं. तुझ्या हातात त्यांनी शिट्टी दिली. चारचौघांत शिट्टी फुंकायला गल्लीतली कुठलीच बाई तयार नव्हती, आणि तू तर ती सरळ आपल्या म्हशीच्या गळ्यात बांधलीस. "मला गळा हाय," म्हणालीस. होताच तो. तू हाक मारलीस की नदीपलीकडच्या मळ्यातली माणसं मान वर करायची.

मग सराव ठरला, तोही तिन्हीसांजेचा, कारण दिवसभर सगळे शेतात. गल्लीच्या तोंडाशी तू उभी, शेजारी साहेब. बाकी सगळे दारं लावून आत. तू एकेका घराला हाक मारायचीस, घरानं ओ द्यायची आणि गाठोडं घेऊन बाहेर पडायचं, असं ठरलं होतं. तू पहिल्या घराला हाक मारलीस. ओ आली नाही. दुसऱ्या घराला मारलीस, तिथूनही नाही. घराघरांतून चुलीचा धूर येतो आहे, कुणाचं तरी पोर खोकतं आहे, आणि ओ मात्र कुठूनच येत नाही. मी आपल्या दाराआड उभी होते. सगळी गल्ली श्वास धरून बसलेली आणि बाहेर तुझा आवाज एका बंद दारावरून दुसऱ्या बंद दारावर जातो आहे, हे मला आत्ताही ऐकू येतं. साहेब घाबरले. "अहो, माणसं गेली कुठं?" तुला मात्र काय झालं ते लगेच कळलं. दिवेलागणीला कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे आपल्याकडं पोराला बोलायला यायच्या आत शिकवतात. मेलेलं माणूस एकदाच हाक मारतं, ओ दिली की घेऊन जातं. तिसरी हाक आली तर मारणारा जिवंत आहे असं समजायचं. सगळी गल्ली तिसऱ्या हाकेची वाट बघत होती.

घरी आल्यावर भाकऱ्या थापता थापता तू मला झोडपलंस, बराच वेळ तोंडानं आणि एकदा पिठाच्या हातानं. "तू माझी पोरगी. तूच ओ दिली न्हाईस तर लोकं काय देत्यात? पाणी काय तीन हाका थांबतंय व्हय?" मी गाल चोळत म्हटलं, "पण अव्वा, भूत असलं तर?" तू म्हणालीस, "भूत लागलं तर एक जाईल. पाण्यात समदी गल्ली जाईल." एरवी रागावलीस की कानडीत जायचीस, गडहिंग्लजकडचं तुझं माहेर तेव्हा बाहेर यायचं. त्या दिवशी मात्र एक शब्द नाही. तव्यावरची भाकरी करपली तरी तुझं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर सगळ्या बायकांना थांबवून तू सांगितलंस, "आयका. हितनं फुडं मी एकदाच हाक मारणार. माझ्या आवाजात दुसरी हाक आली तर ती मी न्हवं. तिला ओ द्यायची न्हाय. काय समजायचं ते समजा." बायकांच्या घागरी भरून वाहायला लागल्या तरी कुणी नळ बंद केला नाही. पुढच्या सरावाला अख्खी गल्ली पहिल्या हाकेला ओ देत बाहेर पडली. दुसरी ऐकायची हौस कुणाला असणार! साहेबांनी तुझं कौतुक केलं. त्यांना यातलं काही कळलं नव्हतं.

दर वर्षी पावसाच्या तोंडावर रोहिणी निघाल्या की तुझी ही परेड सुरू व्हायची. आधी घरात आवाज तयार करायचीस. गल्ली उगीच बाहेर पडू नये म्हणून स्वयंपाकघरातल्या रिकाम्या पिंपात तोंड घालून हाक मारायचीस, आणि पिंपातून परत यायचा तो आवाज तुझा वाटायचा नाही. मी हातातलं काम टाकून अंगणात पळायची. मग गुऱ्हाळावरची काहील यायची. गूळ आटवायची ती भलीमोठी लोखंडी कढई नदीत टाकून तू तिच्यात बायका बसवायचीस आणि ती गरकन फिरली की त्या किंचाळायच्या. साहेबांनी विचारलं, बोट नाही का? तू म्हणालीस, "बोट येईस्तवर आमी समुद्रात गेलेलो असतोय." या सगळ्यात मोठी ओ असायची गिरणीवाल्या मावशीची. नवरा गेल्यावर पिठाची गिरणी तिनं एकटीनं चालवली. पट्ट्याच्या धडधडीनं तिचा एक कान पार गेला होता, दुसरा अधू, म्हणून ती साधं "बस" म्हणाली तरी भांडल्यासारखं वाटायचं. तुम्ही दोघी बोलत बसलात की नवखा माणूस सोडवायला धावायचा.

मग तू गेलीस. घशाचंच दुखणं निघालं. शेवटचा महिनाभर तुझ्या तोंडून आवाज फुटला नाही. ओठ हलायचे, मी कान लावून बसायची, आणि नुसता वारा यायचा. आपल्या रीतीप्रमाणे तुला बसवून माती दिली, कपाळाला विभूती लावून. तुझं तोंड गावाकडं आहे असं मी मनाशीच ठरवून टाकलं. त्यानंतर गल्लीला हाक मारायचं काम कुणी घेतलं नाही आणि सरावही बंद पडला.

आणि काही वर्षांनी तो मोठा पूर आला. मी आप्पांना कोल्हापूरला माझ्या घरी न्यायला म्हणून गावी आले आणि रस्ताच तुटला. पाणी खळाळत येईल असं मला वाटलं होतं, पण ते गटारातून उलटं वर आलं, मग उसातून आलं, काही आवाज न करता. गल्लीतले बहुतेक लोक आदल्या दिवशी ट्रॅक्टरमधून निघून गेले होते. जाताना ज्याचं त्यानं बघितलं. मावशी निघाली का, कुणाला माहीत नव्हतं. मी आणि आप्पा आपल्या स्लॅबवर चढून बसलो. खाली गल्लीतून भोपळे आणि चपला फिरत होत्या, आणि कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. स्लॅबवरून आपली माती द्यायची जागा दिसते ना, तिथं फक्त बाभळींचे शेंडे उरले होते. तू तिथं बसलेली आणि तुझ्यावर एवढं पाणी, हे मनात आलं आणि मी आप्पांचं तोंड दुसरीकडं वळवलं. त्यांनीही ते आधीच बघितलं होतं.

दिवस कलायला लागला तेव्हा तालमीतली पोरं दोराला धरून काहील घेऊन आली आणि आम्हाला तिच्यात बसवलं. त्यातला एक जण म्हणाला, "ताई, जाता जाता घरांना हाक मारा की. तुमची आई मारायची तशी. कोण ऱ्हायलं असंल तर ओ दील." मी आयुष्यात कधी अशी हाक मारली नव्हती. तोंड उघडलं आणि अव्वा, आवाज तुझा निघाला. पोराचा दोरावरचा हात थांबला. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मग मान खाली घालून पुटपुटले, "एवढ्या मोठ्यानं नको." अर्ध्या बुडालेल्या दारांवरून मी तुझा आवाज नेत गेले. कुठूनच ओ आली नाही. लांब कुठं तरी मातीची भिंत बसल्याचा धप्प आवाज यायचा आणि पुन्हा सगळं गप्प व्हायचं. गिरणीपाशी हाक मारली, "ए गिरणीवालीऽऽ!" काही नाही. "न्हाय कोण. चला, अंधारायला लागलंय," पोरं म्हणाली. आम्ही पुढं सरकलोही होतो. तेवढ्यात मला दिसलं की गिरणीच्या दाराला बाहेरून कुलूप नाही. नळावर जातानाही कुलूप ओढून बघणारी बाई ती. मी काहील थांबवली आणि परत हाक मारली, आणि मारता मारताच लक्षात आलं. मावशी आत असली तरी तुझ्या आवाजातल्या दुसऱ्या हाकेला ती ओ देणार नव्हती.

पोरांनी काहील माळ्याच्या खिडकीखाली नेली. आत पोत्यांवर मावशी बसली होती, डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरी, दोन्ही हातांनी आपलं तोंड गच्च दाबून. ती माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "मावशी, चल." तिनं हात न काढता मान हलवली. "अगं, हाक ऐकली न्हाईस व्हय?" मग तिनं हात काढले आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली. "ऐकली की. मघाशीच ऐकली. वर चढ म्हणालीस, मी ओ दिली आणि चढले. एकदाच मारणार म्हणाली हुतीस न्हवं? मग आता हाका मारणारी तू कोण हाईस?" काहील फिरत होती, त्यामुळं माझा चेहरा तिच्यासमोर यायचा आणि परत निघून जायचा. पोरं हबकली होती, एकानं तर दोरच सैल सोडला. आणखी थोडा वेळ गेला असता तर पोरं काहील घेऊन निघाली असती, आणि मावशी तिथंच राहिली असती. तेव्हा मी ओरडले, "अव्वा मेली, मावशी! तू आलतीस मातीला! मी तिची पोरगी हाय!" तोवर मी नेहमी "गेली" म्हणत आले होते. मेली हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला तो असा, सगळ्या बुडालेल्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं. मावशीनं खिडकीतून पिठाचा हात बाहेर काढून माझी हनुवटी चाचपली. "अंग ऊन हाय," म्हणाली, आणि चौकटीवर पाय ठेवला. काहिलीत बसल्यावर तिनं विचारलं, "मग मघाशी कोण हुतं?" पोरांनी दोर ओढायला सुरुवात केली.

त्याच रात्री गिरणी माळ्यासकट बसली. आम्हाला नेऊन ठेवलेल्या शाळेच्या खोलीत मावशीनं सगळ्यांना सांगितलं की ती तापानं फणफणून खालच्या खोलीत झोपली होती, पाणी आत शिरलेलं कळलंही नव्हतं. "ए गिरणीवाली, मुडद्ये, वर चढ," अशी हाक आली, तीही पार गेलेल्या कानात. ती चढली आणि खाली बघते तर बाज तरंगत होती. तेव्हा आमची काहील आलीही नव्हती. मी दोन घरं सोडून स्लॅबवर होते, आणि तुझी हाक नदीपार जायची. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. लोकांना मी सांगितलं, तापात भास झाला असेल. मावशी त्यानंतर बरीच वर्षं जगली. "ओ दिली तरी मेले न्हाय की," असं हसून सांगायची.

आता खरं सांगते. त्या खोलीत बायका अंगावर काटा येऊन ऐकत होत्या, आप्पा रडत होते, आणि मला नुसता राग आला होता. महिनाभर तुझ्या ओठांशी कान लावून मी बसले आणि परत मिळालेला आवाज तू तिच्यासाठी खर्च केलास. ती एकटी होती, बुडाली असती, हे मला कळतं. मी स्लॅबवर सुखरूप होते, मला हाक मारायचं काही कारण नव्हतं, हेही कळतं. हे पत्र कुठं पाठवायचं नाही. इथंच टेबलावर पडेल आणि संध्याकाळी सून त्याच्यावर शेंगा सोलेल. पण एवढं लिहून टाकते. मावशी गेली तेव्हा तिला तुझ्या शेजारीच माती दिली. सगळे रडत होते, मीही रडत होते, आणि मनात म्हणत होते, घे, आता बस हिच्याशीच बोलत.