डावीकडची नळी

नंदुरबार, २६ ऑक्टोबर १९६४

कानात अजून तोच आवाज. खर्रर्र — मग दगडाचा ठणका — मग जसोदा!

चरणमाळच्या घाटात डाव्या वळणावर फटफटी कलली, डावीकडची धुराची नळी दगडावर टेकली आणि मागचं चाक उचललं गेलं. मी बाजूला फेकलो गेलो. बायको गाडीखाली. पाय गुडघ्यात मोडला.

काल तिला प्लास्टरसकट खांडबाऱ्याला माहेरी पोचवलं. इथे करणारं कोण, असं मीच म्हणालो.

२९ ऑक्टोबर

बशीर वेल्डरच्या दुकानात तासभर. जुनी नळी एका अंगाने चपटी, घासून आरशासारखी झालेली. बशीर म्हणतो, तशीच नवी बसवली तरी खालीच राहणार. दोघं बसले की आणखी खाली, वळणात पुन्हा टेकणार. आणि लोकांच्या विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायला मला तोच घाट ओलांडायचा!

त्याच्याकडे दोन तोडगे. डावी नळी मांडीइतकी वर उचलायची — मग हवं तेवढं वाका. पण बाई बसते डावीकडेच. पायरी तिथे, लुगड्याची जाळी तिथे. तिचा पाय भाजेल. नाहीतर दोन्ही नळ्या उजवीकडे वर घ्यायच्या. डावी बाजू मोकळी राहते, पण धूर कोंडतो. चढावर गाडी रांगेल.

"शेठ, पहिले इतकं सांगा — मांगे कोन बसनार शे?"

चहा मागवला.

२ नोव्हेंबर

काही नाही.

८ नोव्हेंबर

आगगाडीने खांडबारा. डॉक्टर म्हणतात, चालेल, पण गुडघा वाकणार नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. शहाद्याच्या पाटलाने इंजिनाच्या टाकीत ताक ओतलं, तो किस्सा सांगितला. या किश्श्यावर लोक पोट धरून हसतात. तिची पाठ हललीसुद्धा नाही.

बांधावर उभा राहून मी सांगतो, कोणत्या विहिरीवरच्या इंजिनाचा वॉल्व्ह गळतो. या कानांवरच पोट भरलं, दुकान उभं केलं. आज तिच्याकडे कान लावून बसलो. श्वास तेवढा ऐकू आला. चार वर्षं गाडीवर मागून माझ्या कानात बडबडत आलेली बाई! घाट संपायचा, तिचं संपायचं नाही.

निघताना लोटन, तिचा भाऊ, ओट्यावर म्हणाला, "पाव्हना, मन्ही बहीण आते तुमन्या फटफटीवर बसनार नही."

दार उघडं होतं. तिने ऐकलं. नाही म्हणाली नाही.

२१ नोव्हेंबर

घरात माझीच भांडी माझ्याच हातून पडतात. दुसरा आवाज नाही.

२९ नोव्हेंबर

बशीरने परत विचारलं. मी म्हणालो, मागे कोणी नाही. डावी उचल. एकट्या माणसाने गाडी रांगवायची कशाला?

त्याने चष्मा लावला आणि कामाला लागला. नेहमीसारखी थट्टा केली नाही.

४ डिसेंबर

पिंपळनेरला जाऊन आलो. त्याच वळणावर मुद्दाम पूर्ण वाकवली. टेकली नाही. टेकली असती तर बरं झालं असतं, असंही मनात येऊन गेलं. नळीचा आवाज मोकळा, भरदार. 'ऐकलंस का?' म्हणून मान मागे वळवली — गादी रिकामी.

२० डिसेंबर

सारंगखेड्याची जत्रा. यंदा एकटाच. माझ्या फटफटीच्या आवाजाला घोडे बिचकले, लोकांनी शिव्या घातल्या. बांगड्यांच्या दुकानाकडे फिरकलो नाही.

३ जानेवारी १९६५

लोटनचा निरोप नाही. मीही विचारत नाही. नाही हा शब्द कानांनी ऐकायची हिंमत नाही.

९ जानेवारी

दुपारी दारात टांगा. लोटन, आणि काठी टेकत जसोदा! घरात न येता आधी गाडीपाशी गेली. उचललेली नळी बघितली, तिच्यावरून हात फिरवला.

"पाय वाकस नही, पन बसता येस. हाई अशी वर करी टाकी — मंग मी कठे बसू?"

लोटन टांग्यातलं गाठोडं काढत राहिला. मी तसाच बशीरकडे गेलो. म्हटलं, दोन्ही उजवीकडे घे. रांगली तर रांगू दे.